शनिवार-रविवार, घरची माणसे आणि हौशी लेखिकेचा वेळ

कोल्हापुरातच राहणाऱ्या आणि एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करणाऱ्या एका भगिनीने मला विचारले आहे की, त्यांना कथा लिहिण्याची मनापासून आवड आहे, घरी सासू-सासरे, पती आणि नऊ वर्षांची मुलगी आहे, लिहायला शनिवार-रविवार तेवढे मिळतात आणि तेही पाहुणे, सण, मैत्रिणी व मुलीचा अभ्यास यांतच निघून जातात. तेव्हा रविवारचे कार्यक्रम नाकारून लेखनासाठी वेळ काढावा काय, आणि आपल्याच माणसांवर लिहिलेले चालते काय, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर "नाही" असे आहे. दुसऱ्याचे उत्तर "चालते, पण त्यांना विचारून" असे आहे, आणि ते शिकण्यासाठी मला फार मोठी किंमत मोजावी लागली. दोन्ही उत्तरे सविस्तर देते.

मी शासकीय कार्यालयात नोकरी करते आणि गेली चोवीस वर्षे हौसेने कथा लिहिते आहे. पहिली अनेक वर्षे मी वेळ चोरून लिहीत असे. भाजी शिजत असताना ओट्याशेजारी वही ठेवायची, पाहुणे बसलेले असताना आतल्या खोलीत जाऊन चार ओळी खरडायच्या, मुलाचा गृहपाठ घेताना मनातल्या मनात संवाद जुळवायचे, अशी माझी रीत होती. त्यात लेखन तर धड होत नसेच, उलट घरातल्या प्रत्येकाला मी समोर असूनही नसल्यासारखी वाटत असे. "आई, तू ऐकत नाहीयेस," हे वाक्य मुलाने एका रविवारी तीनदा म्हटले, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले की घरच्यांना माझ्या लिहिण्याचा त्रास होत नव्हता, माझ्या अर्धवट असण्याचा होत होता.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी वाढली, पण पूर्वी केवळ दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात मिळणारा शनिवार आता दर आठवड्याला मिळू लागला. त्या वेळी मी घरात सर्वांना एकत्र बसवून सांगितले की शनिवारी पहाटे पाच ते सात हे दोन तास माझे. त्या दोन तासांत चहा मी करणार नाही, दार मी उघडणार नाही, फोन मी घेणार नाही. सात वाजून गेले की मी पूर्ण तुमची. सासूबाईंनी तेवढेच विचारले, "आणि रविवारी?" मी म्हटले, "रविवारी वही कपाटात." एवढ्यावर गोष्ट मिटली. मागून घेतलेल्या वेळेला घर जपते, हा माझा अनुभव आहे. पुढे तर सासूबाईच शुक्रवारी रात्री दुधाचे पातेले आणि चहाची साखर पुढे काढून ठेवू लागल्या, म्हणजे सकाळी यजमानांना माझ्यापर्यंत यावे लागू नये.

आता दोन तासांत होते काय, हे आकड्यांत सांगणे योग्य होईल, कारण नवख्या लेखकांची निराशा बहुतेक वेळा चुकीच्या हिशेबातून येते आणि तुम्ही तर हिशेबाचेच काम करता. माझे दोन तासांत सरासरी चारशे शब्द होतात. तीन हजार शब्दांच्या कथेच्या पहिल्या खर्ड्याला आठ शनिवार लागतात आणि पुनर्लेखनाला निदान चार. म्हणजे एका कथेला बारा शनिवार, अर्थात जवळजवळ तीन महिने. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून रुजलेल्या या परंपरेमुळे आपल्यासारख्या हौशी माणसांना वर्षातून एकदा तरी छापून येण्याची जागा मिळते. मात्र दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी बहुतेक संपादकांना मजकूर जुलैअखेरीपर्यंत हवा असतो. एप्रिल-मे लग्नसराईत आणि उन्हाळी कामांत जातात. त्यामुळे दिवाळी अंकाची कथा फेब्रुवारीत सुरू करावी. गणपतीत सुरू केलेली कथा त्या वर्षीच्या दिवाळीला पोहोचत नाही. ती पुढच्या वर्षासाठी आहे, असे समजून निवांतपणे लिहावी.

शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी मी दहा मिनिटे मागच्या शनिवारचे शेवटचे पान वाचते. लिहिणे थांबवताना वाक्य मुद्दाम अर्धे सोडलेले असते. पहाटे बसल्यावर ते पुरे करायचे असल्याने कोऱ्या पानासमोर बसून वेळ जात नाही. यापलीकडे माझ्याकडे लेखनाचे तंत्र म्हणावे असे काही नाही.

रविवार मात्र नाकारू नये, असे मी आग्रहाने सांगते. कोल्हापुरातला रविवार तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी सातलाच घरचे कोणीतरी मटणाच्या रांगेत उभे असते, नऊच्या सुमारास घरात आळणी, म्हणजे मटणाचे बिनतिखटाचे पाणी, शिजत असते, खोबरे आणि खसखस वाटून पांढऱ्या रश्श्याची तयारी चाललेली असते, आणि दीडच्या पंगतीला दीर-जावा, भाचरे, कधी शेजारचे आजोबा असे दहा-बारा लोक असतात. या पंगतीत जे बोलले जाते ते कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या शहराला वाचायला देत आले आहे आणि मीही त्याची ऋणी आहे; परंतु माणूस ताटावर बसल्यावर कोणत्या शब्दाशी अडखळतो, हे कळायला ताटावरच बसावे लागते.

एक प्रसंग सांगते, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. दर वर्षी एप्रिलमधल्या एका रविवारी आमच्याकडे वर्षाची चटणी होते. पाच किलो मिरची, संकेश्वरी तिखटपणासाठी आणि ब्याडगी रंगासाठी. आदल्या आठवड्यात मिरच्या गच्चीवर वाळवून देठ खुडून झालेले असतात. रविवारी सकाळपासून दोन चुलत सासवा, दोघी जावा, नणंद आणि मी अशा सहा जणी बसतो. कांदा उभा चिरून तेलात तांबूस होईपर्यंत परतायचा, खोबरे, तीळ, धणे, जिरे वेगवेगळे भाजायचे, लसूण सोलायचा, कोथिंबीर निवडायची, आणि मग सगळे डबे भरून डंकावर, म्हणजे मसाला कांडणाऱ्या गिरणीत, न्यायचे. लसूण सोलायच्या कामाला दोन-अडीच तास लागतात. हात गुंतलेले असतात, डोळे खाली असतात, कोणी कोणाकडे पाहत नाही, आणि म्हणूनच एरवी वर्षभर न बोललेल्या गोष्टी त्या वेळी बोलल्या जातात. धाकट्या चुलत सासूबाई एकदा लसणाची पाकळी नखाने सोलता सोलता म्हणाल्या, "मला बघायला आलं तवा मी परसात शेण्या थापत होतो. तसाच हात धुऊन आलो." एवढे बोलून त्यांनी पाकळी वाटीत टाकली आणि दुसरी घेतली.

त्या रात्री मी वहीत हे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवले: थापत होतो, हात धुऊन आलो. आपल्या भागातल्या बायका स्वतःविषयी बोलताना "मी जातो", "मी करतो", "मी आलो" असे म्हणतात, हे तुम्ही रोज ऐकत असाल. पण लिहायला बसल्यावर शाळेत शिकलेली प्रमाणभाषा आड येते आणि आपण नकळत "थापत होते", "हात धुऊन आले" असे लिहून टाकतो. मीही पहिल्या खर्ड्यात तेच केले होते. ती कथा सासूबाईंना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी ताबडतोब थांबवले: "ही कुठली बाई? आमची न्हवं." मी वही काढून पाहिली आणि सगळी रूपे बदलली. पुढे एका संपादकांनी ती व्याकरणाची चूक समजून पुन्हा "थापत होते" करून छापली, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून अशी कथा पाठवताना सोबतच्या पत्रात एक वाक्य मी आवर्जून लिहिते की पात्रांच्या तोंडची क्रियापदे या भागातील बोलीप्रमाणे आहेत आणि ती तशीच ठेवावीत. तुम्हीही तसे लिहावे.

नोंदी ठेवण्याची माझी पद्धत साधी आहे. पंगतीत वही काढायची नाही, फोनवरही टिपायचे नाही; त्याने बोलणारा सावध होतो आणि ते शोभतही नाही. रात्री झाकपाक झाल्यावर पाच ओळी लिहायच्या. त्यांत आपले मत किंवा वर्णन नको, ऐकलेले एक वाक्य आणि पाहिलेली एक वस्तू असावी. पाच ओळींहून अधिक आठवले तरी थांबायचे. वर्षाकाठी अशा पन्नासेक रविवारांची नोंद जमते आणि त्यांतून एखाद-दुसरी कथा निघते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. अशाच एका चटणीच्या रविवारी माझ्या एका जाऊबाईंनी त्यांच्या माहेरची हकिगत सांगितली. वडील गेल्यावर भावांनी त्यांना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला, तो सोडून देण्याचा हा कागद. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून बाहेर पडल्यावर भावाने त्यांना जेवू घातले आणि चिंतामणी रंगाची साडी घेतली. ती साडी त्यांनी कधीच नेसली नाही. दुकानाच्या चिठ्ठीसकट ती ट्रंकेत तशीच आहे. हे सांगताना त्या रडल्या नाहीत, तीळ भाजत राहिल्या, आणि तीळ थोडे करपले.

मी त्यावर कथा लिहिली. गाव बदलले, नावे बदलली, दोन भावांचे तीन भाऊ केले, आणि माझे काम झाले असे समजले. परंतु चिंतामणी रंगाची साडी आणि तिची चिठ्ठी मला सोडवेना; कथेचा सगळा जीव त्या चिठ्ठीतच होता. अंक दिवाळीच्या आठ दिवस आधी आला. जाऊबाईंच्या भावजयीच्या हाती तो पडला, आणि साडीचा रंग वाचताच तिने ओळखले. त्या वर्षी जाऊबाईंना भाऊबीजेला माहेरचे बोलावणे आले नाही. त्या माझ्याकडे आल्या, पाण्याचा पेला हातातच धरून बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुला सांगितलं होतं. गावाला न्हवं."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. माझा हेतू वाईट नव्हता, उलट त्यांच्यावर झालेल्या अन्यायाचीच ती कथा होती, असे मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले. पण अन्याय त्यांचा होता आणि तो कधी, कोणासमोर उघडा करायचा, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच होता. पुढच्या वर्षी त्या चटणीला आल्या, तीळ भाजले, जेवल्या, मुलांशी बोलल्या. माहेरची एकही गोष्ट मात्र त्यांनी त्यानंतर माझ्यासमोर काढलेली नाही.

म्हणून माझे तुम्हाला सांगणे असे आहे की नाव-गाव बदलणे ही पुरेशी काळजी नव्हे. माणूस नावावरून ओळखला जात नाही. तो साडीच्या रंगावरून, खोकण्याच्या सवयीवरून, गाडीच्या टपावर बांधलेल्या दोरीवरून ओळखला जातो, आणि नेमके तेच तपशील लेखकाला हवे असतात. घरच्या माणसाची गोष्ट घेतली तर मी आता किमान एक वर्ष थांबते. कथा पूर्ण झाल्यावर ती संपादकांकडे जाण्यापूर्वी त्या माणसाला वाचून दाखवते. केवळ "तुमच्यावर लिहिले आहे, चालेल ना?" असे विचारून भागत नाही, कारण मराठी घरात वडीलधारी माणसे संकोचाने "चालंल की" म्हणून मोकळी होतात. पूर्ण कथा ऐकल्यानंतरच खरी संमती किंवा खरा नकार मिळतो. नकार मिळाल्यामुळे माझ्या कपाटात आज तीन पूर्ण कथा आहेत. त्यांतली एक मी लिहिलेल्या सगळ्या कथांत सर्वांत चांगली आहे असे मला वाटते. ती तिथेच राहील. तुमच्या कारखान्याच्या हिशेबात दिसणाऱ्या गोष्टींनाही हाच नियम लावावा, किंबहुना त्यांना हातच लावू नये.

मैत्रिणींविषयी तुम्ही लिहिले आहे की भेटी कमी कराव्यात असे वाटते. तसे करू नका. आम्ही कॉलेजपासूनच्या चौघी महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी रंकाळा तलावावर भेटतो. पूर्वी भेळ आणि गप्पा एवढेच असे. आठ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा धीर करून पिशवीतून चार पाने काढली आणि कठड्यावर बसून वाचली. चौघींपैकी साहित्याची पदवी कोणाचीच नाही. एक शाळेत गणित शिकवते, एक शिवणकाम करते, एक घर सांभाळते. पण कुठे कंटाळा आला हे त्या अचूक सांगतात, आणि हौशी लेखकाला समीक्षेपेक्षा याची गरज अधिक असते. शिवणकाम करणारी मैत्रीण एकदा म्हणाली होती, "हितं कापड जास्त झालंय गं, आत दुमडून शिव." त्यानंतर मी दीड पानाचे पावसाचे वर्णन चार ओळींवर आणले. त्या बदल्यात त्यांच्या गोष्टीही तेवढ्याच लक्षपूर्वक ऐकायला हव्यात. दर भेटीला वाचन नको, तीन भेटींतून एकदा पुरे.

रंकाळ्याकाठच्या नंदीविषयी आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत की तो एक गहू पुढे सरकतो आणि एक तांदूळ मागे येतो. माझ्या लेखनाच्या चालीला याहून नेमकी तुलना मला सापडलेली नाही. चारशे शब्द लिहायचे, पुढच्या शनिवारी त्यांतले दीडशे खोडायचे, आणि गहू-तांदळातल्या फरकाएवढे पुढे गेलो याचे समाधान मानायचे.

काही शनिवार मात्र जाणारच, आणि त्यांचा हिशेब ठेवू नये. घरातले आजारपण, जवळचे लग्न, चैत्रातली जोतिबाची यात्रा, जूनमधली शाळेची खरेदी, गावाकडे शेत असेल तर जुलैमधली रोपलावण यांच्यापुढे दोन तासांचा आग्रह धरणे चुकीचे आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोका पातळी ४३ फूट आहे, यावरून पाणी किती चढले असेल याची कल्पना यावी. नदीकडच्या भागातील आमचे अकरा नातेवाईक तेव्हा नऊ दिवस आमच्या तीन खोल्यांत होते. पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहायची, दोन वेळच्या भाकरी थापायच्या, फोनवर पाण्याचे आकडे पाहत बसायचे, असे ते दिवस होते. लेखन सुचण्याचा प्रश्नच नव्हता. तरी रोज रात्री एकच ओळ मी कॅलेंडरच्या चौकटीत लिहीत होते. सहाव्या दिवशीची ओळ अशी होती: "मामंजींनी आज कुलपाची किल्ली तीनदा धोतराच्या सोग्यातून काढून पाहिली." ज्या घराचे ते कुलूप, ते घर तेव्हा पाण्याखाली होते. त्या नऊ ओळी दोन वर्षांनी कथेच्या उपयोगी पडल्या, आणि त्या कथेला मामंजींनी स्वतः संमती दिली.

राहिली तुमची मुलगी. नऊ वर्षांच्या मुलीला आई दार लावून काय करते, याचे कुतूहल असणारच, आणि तिला "तुला कळणार नाही" असे सांगू नये. माझा मुलगा त्याच वयाचा असताना मी त्याला कथेतली कुत्र्यांची, बैलांची आणि गल्लीतल्या मुलांची नावे ठेवायचे काम दिले होते. तो ते फार गंभीरपणे करत असे आणि माझी कथा पुढे सरकली की नाही याची चौकशी माझ्यापेक्षा तोच जास्त करी. तुमच्या पतींनाही केवळ "सहकार्य करा" असे मोघम न सांगता नेमके काम सांगावे: शनिवारी सात वाजेपर्यंत आई-वडिलांचा चहा आणि औषधे त्यांच्याकडे.

येत्या शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर, ताटे उचलण्याआधी, सर्वांसमोर हा विषय काढा. दोन तास भीतीने कमी करून एक तास मागू नका, आणि उत्साहाने वाढवून चार तासही मागू नका. रविवार घरचा राहील, हे त्याच वेळी सांगा. सासूबाईंना चटणीचा दिवस कोणता धरायचा हेही तेव्हाच विचारून घ्या, आणि त्या दिवशी लसूण सोलायला त्यांच्याशेजारी बसा.